जुन्या जपानी गाड्या, हवेचा डबा आणि आपली दुकानदारी

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी आम्ही आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीभाईंबरोबर गेलो होतो. त्यांना यामाहा आर.एक्स. १०० च्या एअर फिल्टरचा डबा हवा होता. साइड कव्हरच्या आड बसणारी ती काळी प्लॅस्टिकची पेटी. तिच्या आत फिल्टर राहतो आणि तिच्या रबरी नळीतून कार्बोरेटरला हवा जाते. बाजाराचे तीन फेरे झाले. पिस्टन दिसले, सायलेन्सर दिसले, मीटर दिसले, टाक्या तर ढिगाने दिसल्या. डबा मात्र कुठेच नाही. शेवटी एक तरुण दुकानदार हसून म्हणाला, "चाचा, डबा कोण जपून ठेवतो? पोरं काढून फेकतात. त्यापेक्षा हा कोन लावा, आवाज बघा कसा निघतो." असे म्हणून त्याने एक चकाकणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर मिस्त्रीभाईंच्या हातात ठेवला. मिस्त्रीभाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे परत केला. परतीच्या वाटेवर ते एवढेच बोलले, "माझ्या गॅरेजात चार ब्लॉक पडलेत. चारही खलास. त्यांतल्या एकाही गाडीला डबा नव्हता."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. म्हणूनच आज या पानावर जुन्या जपानी मोटरसायकलींच्या सुट्या भागांविषयी लिहावेसे वाटले. आमच्या वाचकांत गॅरेजवाले आहेत, स्पेअर पार्टचे दुकानदार आहेत, भंगाराचा माल घेणारे-विकणारे आहेत. या गाड्यांवर आज कित्येक घरांची चूल पेटते. ती पुढेही पेटती ठेवायची असेल तर काही गोष्टी आपण स्पष्ट बोललेल्या बऱ्या.

आपल्याकडे ‘जुनी जपानी गाडी’ म्हटले की बहुतेक वेळा ऐंशीच्या दशकात परदेशी तंत्राने इथेच तयार झालेल्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाची आर.डी. ३५० ही दोन सिलिंडरची गाडी ‘राजदूत’ नावाने बाजारात आणली. त्या काळी ती फारशी खपली नाही. पेट्रोल पिते म्हणून लोकांनी नावे ठेवली आणि काही वर्षांतच ती बंद पडली. पुढे १९८४ मध्ये टी.व्ही.एस.ची इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडाची सी.डी. १०० आणि यामाहाची आर.एक्स. १००, १९८६ च्या सुमारास बजाजची कावासाकी के.बी. १०० अशी रांगच लागली. आर.एक्स. १०० चे उत्पादन १९९६ साली थांबले. ज्या आर.डी.ला कोणी विचारत नव्हते, तिच्यासाठी आज शौकीन मंडळी सांगाल ती किंमत मोजतात, आणि नीट ठेवलेली आर.एक्स. नव्या गाडीच्या भावात जाते. आपल्या बाजारातले नशीब असे फिरते!

सरकारी हिशेबाने मात्र यांतली एकही गाडी अजून ‘व्हिंटेज’ नाही. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पुरी झालेली आणि फारसा फेरफार न केलेली गाडीच त्या सदरात मोडते. म्हणजे १९८५ च्या आर.एक्स.ला २०३५ उजाडावे लागेल. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण काही दुकानांतून साधा जुना माल ‘व्हिंटेज’ म्हणून दुप्पट भावाने विकला जातो. नियमातला ‘फेरफार न केलेली’ हा शब्दही ध्यानात ठेवावा. आज जो डबा फेकला जातो, तो दहा वर्षांनी मालक शोधत फिरणार आहे.

आता माल कसा शोधावा याकडे येऊ. कुर्ला, चोर बाजार, पुण्याची नाना पेठ, दिल्लीचे करोल बाग ही ठिकाणे आपल्याला पाठ आहेत. पण आपल्यातले पुष्कळ जण अजूनही भाग नुसता डोळ्याने ओळखतात, नंबराने नाही. जपानी कंपन्यांनी प्रत्येक भागाला नंबर दिला आहे आणि त्या नंबरात अर्थ आहे. यामाहाच्या नंबरात पहिली तीन अक्षरे-आकडे कोणत्या गाडीसाठी तो भाग पहिल्यांदा बनला ते सांगतात, मधले पाच आकडे तो भाग कोणता ते सांगतात. मधे १४४५१ दिसले की तो एअर फिल्टरचा आतला भाग समजावा, गाडी कोणतीही असो. सुझुकीच्या फिल्टरचा नंबर १३७८० ने सुरू होतो, कावासाकीचा ११०१३ ने. होंडाची रीत थोडी वेगळी. तिथे पहिले पाच आकडे भागाचे आणि मधले तीन गाडीचे. होंडाची १९६९ सालची प्रसिद्ध सी.बी. ७५० घेतली तर तिच्यासाठी बनलेल्या भागांच्या मधे ३०० येतात.

याचा धंद्यात उपयोग काय? उपयोग असा की एकच नंबर दोन गाड्यांच्या पार्ट-बुकात सापडला तर एकीचा भाग दुसरीला निर्धास्त बसतो. गिऱ्हाईक आर.एक्स.चा भाग मागतो, आपल्याकडे नाही म्हणून आपण त्याला परत पाठवतो, आणि तोच भाग दुसऱ्या गाडीच्या नावाने आपल्याच फळीवर धूळ खात पडलेला असतो. इंडोनेशियात यामाहाची आर.एक्स.-किंग ही याच घराण्यातली गाडी आपली आर.एक्स. १०० बंद झाल्यावरही कित्येक वर्षे विकली जात होती. तिकडचा माल आता फोनवरून मागवता येतो. पण घराणे एक म्हणून सगळे बसते असे नाही. नंबर जुळला तर पैसे पाठवावेत, फोटो जुळला म्हणून नाही. मुलांच्या हातात मोबाइल आहेच, त्यांना एक वही करायला बसवा. दुकानातल्या प्रत्येक भागाचा नंबर त्या वहीत उतरला पाहिजे. महिनाभराचे काम आहे, पण वर्षानुवर्षे पुरते.

नंबरानंतरचा प्रश्न ‘ओरिजनल’चा. इथे आमचे मत बाजाराच्या मतापेक्षा थोडे वेगळे आहे. ओरिजनल म्हणजे चांगलेच, हे धातूच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे. जुना पण न घासलेला कंपनीचा ब्लॉक, क्रँक, गिअर हे बाजारातल्या नव्या नकली मालापेक्षा सहसा सरस ठरतात. ओतीव काम आणि धातूचा कस वर्षांनी उतरत नाही, झीज तेवढी मोजून घ्यावी. पण रबर आणि स्पंज यांचे तसे नाही. फिल्टरचा स्पंज पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो न वापरताही सडतो. पस्तीस वर्षांपूर्वीचे सीलबंद पाकीट फोडले आणि बोटांनी दाबताच स्पंजाचा भुगा झाला, असे आम्ही स्वतः पाहिले आहे. असा स्पंज ‘कंपनीचा ओरिजनल’ म्हणून जास्त पैसे घेऊन गाडीत बसवला तर त्याचा भुगा कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन अडकतो. जो धूळ अडवायला ठेवला तोच कचरा करतो! रबरी नळ्या, मॅनिफोल्डचे रबर, ऑइल सील यांचीही हीच गत. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. चाळीस वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगते, चिरते. तेव्हा आमचा सल्ला असा की लोखंड आणि अॅल्युमिनियम जुने घ्या, पण रबर, स्पंज आणि कागद नवाच घ्या, मग तो स्थानिक कारखान्याचा का असेना.

धातूचा भाग एकदा संपला की काय होते, याचे एक उदाहरण जपानमधले. कावासाकीने १९७२ साली झेड-१ नावाची मोठी गाडी आणली. जगभर तिचे वेडे चाहते आहेत. तिची चांगली सिलिंडर हेड इतकी दुर्मिळ झाली की जवळपास पन्नास वर्षांनी, २०२० च्या सुमारास, कंपनीने ती पुन्हा ओतून विकायला काढली. आपल्या गाड्यांसाठी कोणी असे करील म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. आर.एक्स. १०० च्या ब्लॉकचा बोअर ५० मिलिमीटरचा. तो घासला की आपण पाव-पाव मिलिमीटरने बोरिंग करून मोठा पिस्टन टाकतो. दर बोरिंगला त्या ब्लॉकची एक जिंदगी कमी होते. किती जिंदग्या उरल्या आहेत ते मोजकेच आहे. आणि ब्लॉक घासणारी सगळ्यात मोठी वैरी कोण, तर धूळ.

टू-स्ट्रोक इंजिनात धुळीचा मार्ग कसा असतो, हे आपल्या नव्या शागीर्दांना समजावून दिले पाहिजे. फोर-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोल थेट सिलिंडरच्या डोक्यात जाते. टू-स्ट्रोकमध्ये तो माल आधी खाली क्रँककेसमध्ये उतरतो, क्रँकच्या बेअरिंगवरून, कनेक्टिंग रॉडच्या मुळावरून फिरतो, आणि मग वर चढतो. म्हणजे फिल्टरातून निसटलेला एक चिमूट गर्दा फक्त पिस्टन-रिंगाच नव्हे, बेअरिंगही खातो. मराठवाड्यातल्या एखाद्या वाळूच्या ट्रकमागे अर्धा तास गाडी चालवून बघा, स्पंज काय अडवतो ते हातात येईल.

स्पंजाचा फिल्टर कोरडा चालवायचा नसतो, हेही कित्येकांना ठाऊक नाही. स्पंजाची भोके धुळीच्या कणांहून मोठी असतात. धूळ अडते ती त्याला लावलेल्या तेलाच्या चिकटपणामुळे. तो रॉकेलसारख्या द्रावणात बुडवून हलक्या हाताने दाबावा, मग साबणाच्या पाण्याने धुवावा, सावलीत पूर्ण वाळवावा, फिल्टरचे तेल सगळीकडे मुरवावे आणि जास्तीचे तेल दाबून काढावे. पिळू नये, फाटतो. पेट्रोलने धुण्याची सवय तर सोडाच. स्पंज खराब होतो आणि आगीचा धोका वेगळा. कागदाचा फिल्टर असेल तर त्याला तेलही नको आणि पाणीही नको. हलका आपटून, आतून बाहेर कमी दाबाची हवा मारून झाडावा, मळला की बदलावा. सुती जाळीचे धुऊन वापरायचे फिल्टर परदेशी कंपन्यांचे येतात. चांगले टिकतात, पण त्यांचे तेल वेगळे आणि नकलाही उदंड. शिवाय फिल्टर कितीही चांगला असला तरी डब्याच्या कडेला तो नीट बसला नाही तर हवा बाजूने शिरते. बसवताना कडेला ग्रीसचे बोट फिरवावे. पुढच्या वेळी उघडल्यावर फिल्टरच्या आतल्या बाजूच्या ग्रीसवर धूळ दिसली तर समजावे की फट आहे.

आता त्या चकाकत्या कोनाकडे वळू. कोन फिल्टर म्हणजे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. शर्यतीच्या गाडीला तो चालतो, कारण तिथला मिस्त्री त्याच्या हिशेबाने जेट बदलतो आणि दर शर्यतीनंतर इंजिन उघडतो. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीने कार्बोरेटरचे जेट डब्याच्या हवेचा हिशेब धरून दिलेले असतात. डबा काढला की हवा वाढते, पेट्रोल तेवढेच राहते. मिश्रण हलके पडते, इंजिन तापते आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन फुगून सीज होतो. इथेनॉलचा इथेही हात आहे. इथेनॉल जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. म्हणून वीस टक्के इथेनॉलवर जुन्या जेटची गाडी आधीच थोडी हलकी चालत असते. त्यावर कोन लावणे म्हणजे तापलेल्या माणसाला आणखी एक गोधडी पांघरणे. कोन लावायचाच असेल तर मेन जेट वाढवावा, पूर्ण थ्रॉटलवर गाडी ओढून, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढून पाहावा. पांढरट दिसला तर मिश्रण हलके, कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, काजळीने काळा झाला तर भारी. दहा मिनिटांचे काम आहे, पण किती गॅरेजांत ते केले जाते? आणि पावसाळ्यात कोकणात उघडा कोन पाणी ओढतो, तेव्हा कोणता जेट लावणार?

बाहेरून आलेल्या मोठ्या जुन्या गाड्यांची कामे ज्यांच्याकडे येतात त्यांनी आणखी सांभाळावे. १९६८ सालच्या होंडा सी.बी. ३५० सारख्या गाड्यांच्या कार्बोरेटरमधली स्लाइड तारेने उचलली जात नाही, हवेच्या दाबाने उचलली जाते. तिला डब्यातली शांत, स्थिर हवा लागते. तिथे कोन लावला तर मधल्या वेगात गाडी अडखळते आणि मिस्त्री महिनाभर जेट बदलत बसतो. (जाता जाता, जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या स्क्रू-ड्रायव्हरने खराब होतात, कारण त्यांची खाच जपानी मापाची असते. त्या मापाचा एक पाना घेऊन ठेवा. कार्बोरेटरचे कितीतरी स्क्रू वाचतील.)

काही दुकानदार आम्हाला म्हणतील, गिऱ्हाईकच कोन मागतो, आम्ही काय करणार? आणि इंजिने टिकली तर गॅरेज चालणार कशावर? पहिल्याचे उत्तर असे की गिऱ्हाईक मागतो म्हणून आपण त्याला ब्रेकचे लायनर काढून देत नाही. कोनाबरोबर मोठा जेट आणि प्लगची तपासणी जोडूनच पैसे घ्या, किंवा स्पष्ट सांगा की रस्त्यावर हा टिकणार नाही. त्याचा काढलेला डबा तरी भंगारात टाकू नका, त्याच्याच हातात द्या. दुसरा प्रश्न जास्त खरा आहे, आणि आम्ही तो उडवून लावत नाही. नव्या गाड्यांची कामे कंपनीच्या वर्कशॉपकडे आणि संगणकाकडे गेली. आपल्या कारागिरांच्या हाती राहिल्या आहेत त्या या जुन्या गाड्या, ज्या अजून कानाने आणि बोटाने दुरुस्त होतात. त्यांची संख्या वाढणार नाही. एक ब्लॉक मेला की एक गाडी कमी आणि एका कायमच्या गिऱ्हाइकाचा पत्ता कमी.

मालाचे नाव खरे सांगण्याबद्दलही दोन शब्द. लोकल मालात लाज नाही. आपल्याच कित्येक भावांचे छोटे कारखाने चांगले रबर आणि चांगला स्पंज बनवतात. लाज आहे ती त्याला कंपनीच्या नावाचे पाकीट चढवण्यात. ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे खोट्या छापाचा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. नुसते ‘मी बनवला नाही’ म्हणून सुटका होत नाही. माल कोणाकडून घेतला हे सांगावे लागते, आणि बिल नसेल तर काय सांगणार? २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल न घेण्याची जुनी सबबही आता लंगडी झाली. जुना माल घेताना तर अधिकच सावध राहावे. आर.एक्स. आणि आर.डी. या चोरांच्याही आवडत्या गाड्या आहेत. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. इंजिन किंवा चेसिस घेताना आर.सी.ची प्रत, विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि तारीख वहीत घ्या. एका माणसाच्या चुकीने सगळ्या गल्लीवर बोट उठते, हे आपल्या बाजारांनी पुष्कळदा सोसले आहे.

मिस्त्रीभाईंना डबा अखेर मिळाला. पुण्यात नाही, कुर्ल्यात, एका म्हाताऱ्या भंगारवाल्या चाचांकडे. चाचांनी भाव सांगण्याआधी डबा उलटा केला आणि नळीच्या मुळाशी असलेली केसासारखी चीर बोटाने दाखवली. ऐब आधी, भाव मग, ही त्यांची रीत. "ही बुजवून घ्या भाई, नाहीतर धूळ इथून शिरेल," असे ते म्हणाले. मिस्त्रीभाईंनी घासाघीस न करता पैसे दिले, आणि तिथेच त्यांना आणखी दोन गाड्यांसाठी मॅनिफोल्डचे रबर सांगून ठेवले. चीर त्यांनी घरी येऊन बुजवली, आत नवा स्पंज घातला. गाडी आता त्यांचा मुलगा चालवतो. आवाज कमी येतो म्हणून तो अधूनमधून कुरकुर करतो.